कृ. मा. प.

"कसं झालंय?" बायकोने बशीत बिस्किट ठेवून विचारलं.

साहेबांनी अर्धं बिस्किट तोंडात टाकलं, सावकाश चावलं, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "कशाच्या तुलनेत?"

"कशाच्याच नाही. नुसतं सांगा, कसं झालंय."

"नुसतं कसं सांगणार? कालचं समोर असतं तर सांगता आलं असतं. शिवाय आत्ताच चहा झालाय माझा. जीभ निष्पक्ष नाही."

बायकोने बशी उचलली आणि सासऱ्यांपुढे धरली. नानांनी बिस्किट हातात घेतलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "छान झालंय गं. कालच्यापेक्षा छान." मग त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्याआड गेले.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. खाण्याच्या पाकिटांवर जे छापलेलं असतं ते खरं की खोटं हे पाहणाऱ्या कचेरीत ते सव्वीस वर्षं तपासनीस होते, एवढंच. पाकिटावर कुणी काही दावा केला की तो कागद त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जायचा. एका चहाच्या पुड्यावर 'बुद्धी तल्लख होते' असं होतं आणि पुरावा म्हणून कारखानदाराने आपल्या भाच्याची गुणपत्रिका जोडली होती. साहेबांनी शेरा मारला, 'भाचा चहा पीत नसता तर किती गुण मिळाले असते?' एका तेलाच्या डब्यावर 'हृदयाचा मित्र' असं होतं. त्यावर शेरा होता, 'मैत्री दोन्ही बाजूंनी आहे काय?' कचेरीत त्यांच्या पाठीमागे त्यांना 'पुरावासाहेब' म्हणत. तोंडावर नुसतं 'साहेब'.

हा कडकपणा हौसेचा नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पेयाच्या बाटलीवरचं 'साखर आटोक्यात ठेवते' हे वाक्य त्यांनी फारशी खळखळ न करता जाऊ दिलं होतं. काही महिन्यांनी एक बाई ती रिकामी बाटली पिशवीतून घेऊन कचेरीत आल्या. त्यांच्या नवऱ्याने त्या वाक्यावर भरवसा ठेवून गोळ्या बंद केल्या होत्या आणि आता तो दवाखान्यात होता. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे तुम्ही वाचलं होतं ना?" साहेब ते कधीच विसरले नाहीत. तेव्हापासून साधं 'बरं आहे' म्हणतानाही त्यांची जीभ अडखळायची. बायकोला हे ठाऊक होतं, म्हणून 'भाजी कशी झालीय' हा प्रश्न तिने फार वर्षांपूर्वीच सोडून दिला होता.

आता तिने तो पुन्हा सुरू केला होता, कारण आता बिस्किटं विकायची होती. शाळेच्या कार्यालयातली नोकरी संपल्यावर तिने रस्त्याच्या टोकाला एक गाळा भाड्याने घेतला होता. आत एक ओव्हन, एक ओटा, दर्शनी भागात काचेचं कपाट आणि बाहेर एक बाक. ओट्स आणि अक्रोडाचं एकच बिस्किट ती करायची. आयुष्यात पहिल्यांदा दारावर तिच्या हाताने रंगवलेली पाटी होती, आणि ती पाटी रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायची.

आणि त्या बिस्किटांनी एक चमत्कार केला होता. निदान बायकोच्या मते तो चमत्कार होता. साहेबांची आई गेल्यापासून नाना सात महिने खुर्चीतून उठले नव्हते. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, फोटो काढले आणि सांगितलं, हाडांत काही नाही, चालायला हवं. नाना म्हणत, "कुठं चालू?" या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. गाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी नाना काठी घेऊन दारात उभे राहिले. पंधरवड्यात ते रोज दहाच्या ठोक्याला दुकानात पोचायला लागले आणि महिन्याभराने काठी छत्रीच्या स्टँडमध्ये जाऊन पडली. रस्त्यात कुणी विचारलं की ते सांगत, "सूनबाईच्या बिस्किटांमुळं चालायला लागलो." रस्ता जुना आणि शेजार म्हाताऱ्यांचा, त्यामुळे ही बातमी पसरायला वेळ लागला नाही.

म्हणून पाकिटावरचा मजकूर लिहायला बसल्यावर बायकोने सगळ्यात वर लिहिलं, 'गुडघ्यांसाठी उपयुक्त'. कागद तिने पाकिटाच्याच आकाराचा कापला होता. एका बाजूला हा मजकूर आणि बिस्किटाचं चित्र. मागच्या बाजूला काय छापायचं, म्हणजे कशाकशापासून केलंय त्याची यादी, ती तिने वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली आणि दोन्ही कागद फाइलमध्ये घालून जेवणाच्या टेबलावर ठेवले.

साहेब आंघोळीला निघाले होते. खांद्यावर पंचा होता. फाइल दिसली, त्यांनी उघडली, आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. 'गुडघ्यांसाठी उपयुक्त' या शब्दांच्या खाली त्यांनी वळणदार लाल अक्षरांत लिहिलं, 'हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे', आणि कागद संपला. 'का?' मावेना. दुसरा कुणी तो कसाबसा कोपऱ्यात कोंबला असता. पण साहेब व्यवस्थित माणूस. त्यांनी कडेला 'कृ. मा. प.' असं लिहिलं, म्हणजे 'कृपया मागे पहा', कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूला मधोमध लिहिलं, 'का?' मग ते आंघोळीला गेले.

*

दहा दिवसांनी कचेरीत धाकट्या बाई त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. धाकट्या बाई म्हणजे त्यांच्या हाताखालच्या तपासनीस. सहा वर्षांपूर्वी आल्या तेव्हा 'पौष्टिक' या शब्दालाही हरकत घ्यायच्या नाहीत. आता साहेबांनाच कधीकधी त्यांची धास्ती वाटायची.

"साहेब, हे बघा. माझ्या मामींनी आणलंय. नवीनच दिसतंय." त्यांनी एक पाकीट पुढे ठेवलं. "'गुडघ्यांसाठी उपयुक्त. हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे.' आणि कडेला 'कृ. मा. प.' मी मागे पाहिलं. मागे ओट्स, अक्रोड, लोणी, साखर आणि मीठ. मामी म्हणाली, हाच पुरावा. मीठसुद्धा."

साहेबांनी पाकीट हातात घेतलं. वाक्य लाल अक्षरांत छापलं होतं. 'सिद्ध'मधला 'द्ध' त्यांच्याच वळणाचा होता. छापखान्याने अक्षर न जुळवता सरळ कागदाचा फोटोच छापला होता. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हे माझ्या घरचं आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दुकान माझ्या बायकोचं आहे. आणि हे वाक्य माझं आहे. पण अर्धंच आहे. पुढचा 'का' मागे राहिला."

धाकट्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "मागे 'का' नाहीये साहेब."

"नाहीये ना. तोच तर घोळ आहे."

बाईंनी पाकीट खाली ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "सोडून देऊ का? एवढंसं दुकान आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. सोडून द्यावं असं त्यांनाही वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि तसं वाटल्याचीच त्यांना लाज वाटली. "हे प्रकरण माझ्याकडे ठेवता येणार नाही. तुम्ही घ्या," ते म्हणाले. "आणि दुसऱ्या कुणाला लिहिली असती तशीच नोटीस लिहा."

बाईंनी लिहिली. तीस दिवसांत दाव्याचा पुरावा सादर करावा, अन्यथा दावा काढून टाकावा. दोन्ही न केल्यास दुकानाचा परवाना स्थगित करण्यात येईल. तोपर्यंत सदर पाकिटांची विक्री बंद. नोटिशीत एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. साहेबांनीच शिकवलं होतं.

*

संध्याकाळी साहेब घरी आले तेव्हा टेबलावर त्यांच्या आवडीची खीर होती. गेले आठ-दहा दिवस घरात काहीतरी चांगलंचुंगलं होत होतं आणि बायको मधूनच गुणगुणत होती. साहेबांनी त्याचं कारण शोधलं नव्हतं. खीर बाजूला सारून त्यांनी नोटीस पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

बायकोने नोटीस दोनदा वाचली. "म्हणजे ते वाक्य प्रश्न होतं?"

"अर्थात प्रश्न होता. 'का' मागे लिहिला होता."

"'का' मागे का लिहिलात?"

"जागा नव्हती. पण कडेला 'कृ. मा. प.' लिहिलं होतं ना. छापखानेवाल्याने मागे पाहायला नको?"

तिने तिथूनच छापखानेवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "पाहिलं होतं ना ताई," तो म्हणाला. "मागे नुसतं 'का?' होतं. मला वाटलं, घरात कुणी कुणाला काहीतरी विचारलंय. घरच्या गोष्टी कशाला छापायच्या? आणि पुढचं वाक्य तर साहेबांच्या हातचं. त्यांच्या हातून पास झालेलं आम्ही बदलत नाही."

बायकोने फोन ठेवला. "पण तू छापायच्या आधी नमुना पाहिला असशील की," साहेब म्हणाले. "माझं वाक्य तिथं कसं, असं तुला वाटलं नाही?"

"वाटलं." ती नोटिशीची घडी घालत राहिली, ती आणखी बारीक होईना तोवर. "मला वाटलं, तुम्ही लिहिलंत. माझ्यासाठी. तोंडानं म्हणता येत नाही, म्हणून लिहून ठेवलंत. विचारलं असतं तर तुम्ही खोडलं असतं, म्हणून मी विचारलं नाही."

साहेबांनी खिरीच्या वाटीकडे पाहिलं. खिरीचं कारण आता त्यांना कळलं होतं, आणि ते न कळतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत नाना वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

"माळ्यावर दोन हजार पाकिटं आहेत," थोड्या वेळाने बायको म्हणाली. "आणि ती खोटी आहेत असं मला वाटत नाही. नाना चालतात की नाही? डोळ्यांसमोर चालतात. तुम्हाला पुरावा हवाय ना? मग घ्या पुरावा. कसा घेतात ते सांगा."

हा प्रश्न साहेबांना सव्वीस वर्षांत कुठल्याच कारखानदाराने विचारला नव्हता. त्यांनी कोरा कागद ओढला. "आधी," ते म्हणाले, "अक्रोड नसलेलं बिस्किट लागेल."

"का?"

"तुलनेला."

"मी मुद्दाम वाईट बिस्किट करणार नाही."

"वाईट नको. नुसतं बिनअक्रोडाचं. आणि दिसायला सारखं. खाणाऱ्याला कळता कामा नये. देणाऱ्यालाही कळता कामा नये."

"देणारी मीच आहे."

"म्हणून तर," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

*

रस्त्यावरचे सोळा म्हातारे-म्हाताऱ्या निवडल्या गेल्या. सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे. नाना आधीच बरे झालेले म्हणून मोजणीत नव्हते, पण रोज यायचे आणि त्यांचं बिस्किट त्यांना मिळायचं. बायको दोन्ही प्रकार करून ठेवायची, अक्रोड कुटून पीठ करून. सकाळी कचेरीत जाताना धाकट्या बाई येऊन ती दोन डब्यांत भरायच्या, एकाचं झाकण लाल, एकाचं निळं. कुठल्यात काय ते एका बंद पाकिटात लिहिलेलं होतं आणि ते पाकीट बाईंच्या कपाटात होतं. दहा वाजता आठ जणांना लाल डब्यातलं आणि आठ जणांना निळ्यातलं बिस्किट. दर आठवड्याला एकदा खुर्चीतून उठून दिव्याच्या खांबापर्यंत जायचं आणि परत येऊन बसायचं, वेळ मोजून.

वेळ मोजायला घड्याळवाले काका होते. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान बंद होऊन पाच वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात कुणी त्यांना वेळ विचारली नव्हती. पहिल्या दिवशी ते कोट घालून आले. पाव सेकंदाच्या खाली ते कुणाशीही तडजोड करेनात.

साहेब पहिला आठवडा रजा टाकून आणि नंतर उशिरा जायची परवानगी काढून रोज बाकावर वही घेऊन बसले. अडचणी पहिल्याच दिवशी सुरू झाल्या. सोळांत एक गाण्याच्या बाई होत्या. त्या चालायला उठल्या की गुणगुणायला लागायच्या, आणि त्यांच्या मागचा माणूस त्या लयीत पाय टाकायचा. साहेबांनी वहीत नोंद केली आणि उभे राहिले. "बाई, गाऊ नका. ताल हा वेगळा घटक आहे."

"मी गात नाहीये. श्वास घेतेय."

"मग सुरात घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी लाल डब्यातल्या एका आजोबांनी आपलं बिस्किट निळ्या डब्यातल्या आजींना अर्धं मोडून दिलं. विचारल्यावर म्हणाले, "त्यांचं पडलं खाली. मी काय एकट्यानं खात बसू?" साहेबांनी दोघांना समजावलं की यामुळे आकडे बिघडतात. आजोबांनी मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी साहेबांचं लक्ष नाही असं पाहून पुन्हा दिलं. मंडळी दहाऐवजी साडेनऊला यायला लागली. एका बाकाचे तीन बाक झाले. कुणी कुणाच्या डोळ्यांच्या थेंबांची आठवण ठेवायला लागलं. दोघा भावांनी बारा वर्षांत एकमेकांशी शब्द काढला नव्हता. एक लाल, एक निळा. तिसऱ्या आठवड्यात 'तुझं जास्त खुसखुशीत आहे का रे?' या प्रश्नावरून ते बोलायला लागले. या गोष्टींना साहेबांच्या तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून त्या त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या. का लिहिल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नोटिशीच्या पंचविसाव्या दिवशी धाकट्या बाईंनी दुकानाच्या ओट्यापाशी पाकीट फोडलं. लाल डब्यात अक्रोडाची, निळ्यात बिनअक्रोडाची. मग त्यांनी घड्याळवाल्या काकांचे आकडे मांडले.

"लाल डबा," बाई म्हणाल्या, "सरासरी सहा सेकंदांनी लवकर."

बायकोने पदराला हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर हसू उमटत होतं.

"निळा डबा," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "साडेसहा."

घड्याळवाले काका हळूच म्हणाले, "सहा पूर्णांक चार. पण चालेल."

सव्वीस वर्षांत साहेबांनी असे कितीतरी दावे पडताना पाहिले होते आणि प्रत्येक वेळी त्यांना आतून बरं वाटलं होतं. आज वाटलं नाही. त्यांना त्या निळ्या डब्याचा राग आला. पण बायको त्यांच्याकडेच पाहत होती, आणि तिला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नव्हतं.

"बिस्किटानं गुडघे सुधारतात असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले.

"मग सुधारले कशानं?" तिने विचारलं.

"ते आपण मोजलं नाही."

*

साहेब म्हणाले, मंडळींना सांगायला हवं. बायको म्हणाली, सांगितलं तर ती यायची बंद होतील आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील. नोटिशीचं उत्तर कचेरीला द्या, यांना कशाला? साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "उद्या यांच्यातल्या कुणी या बिस्किटावर विसंबून गोळी बंद केली तर?" बायकोला ती रिकामी बाटली आठवली. तिने पुन्हा विरोध केला नाही. फक्त म्हणाली, "मग तुम्हीच सांगा. माझ्यानं होणार नाही."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिन्ही बाकांसमोर उभं राहून साहेबांनी सांगितलं. दोन्ही डबे, दोन्ही आकडे, सगळं. औषध चालू असेल तर ते चालूच ठेवा, हे दोनदा सांगितलं. मंडळी एकमेकांकडे पाहत राहिली.

"म्हणजे मला अक्रोड नव्हताच?" गाण्याच्या बाईंनी विचारलं.

"नव्हता."

"तरी मी बरी झाले?"

"हो. पण बिस्किटामुळं झालात असं म्हणता येत नाही."

बाईंनी थोडा विचार केला. "मग आता गायला हरकत नाही ना?"

"नाही," साहेब म्हणाले.

घड्याळवाल्या काकांनी कोटाच्या खिशातून घड्याळ काढलं. "माझा एक व्यावहारिक प्रश्न आहे," ते म्हणाले. "उद्या यायचं ते दहाला की साडेनऊला?"

कुणी उत्तर दिलं नाही, कारण गाण्याच्या बाईंनी सूर लावला होता आणि निळ्या डब्यातल्या आजी खांबाकडे निघाल्या होत्या.

साहेब नानांच्या शेजारी बसले. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं वाटत होतं. "नाना, तुम्ही तर यांच्या कितीतरी आधीपासून खाताय. तुम्हाला खरंच फरक पडला होता?"

"मी कुठं खातोय?" नाना म्हणाले.

"म्हणजे?"

"कवळीखाली कण जातात. एक खाल्लं होतं पहिल्या दिवशी, दुपारपर्यंत कळ गेली नाही." नानांनी स्वेटरच्या खिशातून आजचं बिस्किट काढलं, चुरलं आणि बाकाखाली टाकलं. चार चिमण्या तयारच होत्या. चांगल्या गुबगुबीत होत्या.

"पण तुम्हीच सांगत फिरत होतात. बिस्किटांमुळं चालायला लागलो म्हणून."

"बिस्किटांमुळं म्हटलं. खाल्ल्यामुळं कधी म्हटलं?"

सव्वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सोलून पाहणाऱ्या माणसाला यावर काही हरकत काढता येईना.

"ती रोज विचारायची, कसं झालंय," नाना चिमण्यांकडे पाहत म्हणाले. "घरात विचारायची, मग दुकानात जाऊन कुणाला विचारणार? तुझी आई पण विचारायची. मीही तुझ्यासारखाच. वाटायचं, सांगू की, घाई काय आहे. राहून गेलं ते. म्हटलं, निदान हिला रोज कुणीतरी जाऊन सांगायला पाहिजे." त्यांनी हात झटकले. "सांगायचं तर तिथवर चालत जायला नको का?"

"न खाता कसं सांगत होतात?"

"वासावरून कळतं रे. ते पण मोजायचंय का तुला?"

*

नोटिशीचे दोन दिवस उरले होते. माळ्यावर दोन हजार पाकिटं होती. साहेबांनी ती कचेरीच्या वेळेनंतर, स्वतःच्या घरात, बायकोसमोर बसून दुरुस्त करायचं ठरवलं. छापखानेवाल्याने आपल्या खर्चाने दोन हजार चौकोनी चिकटपट्ट्या छापून दिल्या, पुढून लावायच्या, आणि दोन हजार थोड्या मोठ्या, मागून लावायच्या. पुढच्या पट्टीवर एकच अक्षर होतं.

धाकट्या बाईंनी दुरुस्त पाकीट हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "'गुडघ्यांसाठी उपयुक्त. हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे का? कृ. मा. प.'" त्यांनी पाकीट उलटलं. "'नाही. मात्र हे बिस्किट घ्यायला दुकानात चालत यावे लागते.'" त्यांनी चष्मा काढला. "साहेब, शेवटच्या वाक्याला पुरावा?"

"घरपोच देत नाही," बायको म्हणाली.

बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. प्रश्न हा दावा आहे असं त्यात कुठे म्हटलं नव्हतं, आणि उत्तर तर स्वच्छ होतं. 'उपयुक्त' या शब्दावर मात्र त्या अडल्या. उत्तर मागच्या बाजूला असून चालणार नाही, 'नाही' पुढेही हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शिकवणीचा अनुभव घेतला आणि आणखी दोन हजार पट्ट्या चिकटवल्या. त्यांची बोटं तीन दिवस कशालाही चिकटत होती. पण परवाना राहिला, आणि पाटी दारावरच राहिली.

पुढच्या सोमवारी सकाळी बायकोने बशीत बिस्किट ठेवलं आणि ती ओट्याकडे वळली. तिने काही विचारलं नाही. साहेबांनी बिस्किट खाल्लं. सगळं खाल्लं, बोटाने कणही टिपले.

"छान झालंय," ते म्हणाले.

नानांचं वर्तमानपत्र थोडं खाली आलं. बायको पाठमोरीच उभी राहिली. हातातलं फडकं तिने ओट्यावर ठेवलं.

"पुढे 'का' आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"मागे काही लिहिलंय?"

साहेबांनी रिकामी बशी उचलली, उलटी केली आणि तिला दाखवली.